टोमॅटो, तेल, लसूण, मीठ

६ जानेवारी २०२५, सोमवार

प्रेरणा मॅडमनी सांगितलं, रोज पाच ओळी लिहायच्या, इटालियनमध्ये. काय खाल्लं, कुठं गेलात, काहीही. पहिली ओळ जमली. इओ मी कियामो सुकेशनी. माझं नाव सुकेशनी. दुसरीपाशी अर्धा तास गेला. म्हणून ही वही मराठीत. इटालियनची वेगळी करीन.

उस्मानपुऱ्यातल्या क्लासला महिना झाला. आम्ही पाच जणी आहोत. सगळ्यांना तिकडं इटलीत म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला जायचंय. त्यांच्याच घरी राहायचं, करार तीन वर्षांचा. माझं नर्सिंगचं एएनएम झालंय, सहा वर्षं घरोघरी पेशंट सांभाळतेय. सध्या सिडकोत तात्यासाहेबांकडं आहे. त्यांची डावी बाजू अर्धांगवायूनं गेलीय. मॅडम म्हणतात, तुझं पहिलं होईल.

आज माझ्या लेकीला, तनूला सांगून टाकलं. आठ वर्षांची आहे, तिला कळतं. म्हटलं, मी हे सगळं तुझ्यासाठीच करतेय बरं का. चांगली शाळा, चांगले कपडे, तुला पाहिजे ते. तोवर तू गावाकडं आजीजवळ राहायचं. ती चित्र रंगवत होती. "बरं" म्हणाली आणि परत रंगवायला लागली. रडणं नाही की हट्ट नाही. मीच उगाच घाबरले होते.

९ जानेवारी

इटलीतल्या एका घराशी व्हिडिओ कॉल झाला. फोन मॅडमनी धरला.

बाईंचं नाव सिन्योरा इनेस, वय शहाऐंशी. खुब्याचं हाड मोडलंय, वॉकरनं चालतात. मुलगा पाओलो शेजारच्या गावात असतो. सिन्योरांनी आधीच्या दोन कामाच्या बायका घालवून दिल्यात, हे मॅडमनी मला कॉल संपल्यावर सांगितलं.

मी बीपी, शुगर, पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, सगळं पाठ करून गेले होते. त्यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. एकच विचारलं, टोमॅटोचा सॉस येतो का?

मॅडमनी भाषांतर करायच्या आधीच मी "सी, सी" म्हटलं, म्हणजे हो, हो.

मग सिन्योरा बरंच बोलल्या. मॅडम हसत होत्या. "त्या म्हणतायत, भाषा शिकता येते, औषधं पाओलो आणून देतो. पण सॉस मला माझ्यासमोर करून दाखव. सोळा फेब्रुवारीला. तो जमला तर ये."

घरी येताना रिक्षात बसवेना. आकाशवाणीपाशी उतरले आणि मुकुंदवाडीपर्यंत चालत आले. पायाला काही लागतच नव्हतं.

११ जानेवारी

पहिला प्रयत्न. तेलात जिरं, कढीपत्ता, कांदा, टोमॅटो, हळद, थोडं लाल तिखट. तनूनं दोन पोळ्या खाल्ल्या. फोटो मॅडमना पाठवला. त्यांचा फोन आला, हसू आवरेना त्यांना.

"सुकेशनी, ही टोमॅटोची भाजी झाली गं!"

मग लिहून दिलं. टोमॅटो, ऑलिव्हचं तेल, लसूण, मीठ. शेवटी बेझिलची पानं. बस. कांदा नाही, तिखट नाही, साखर नाही. टोमॅटो उकळत्या पाण्यातून काढून सोलायचे, हातानं कुस्करायचे. लसणीच्या पाकळ्या ठेचून तेलात सोडायच्या पण लाल होऊ द्यायच्या नाहीत. मंद आचेवर पाऊण तास. आणि ढवळाढवळ करायची नाही.

मला सगळ्यात अवघड हेच जाणार. गॅसवर काही असलं की माझा हात राहत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

बेझिल म्हणजे आपला सब्जाच, असं मॅडमनी सांगितलं. भाजीवाल्यांना विचारलं तर कुणाला माहीत नाही. मग कामावरून सुटून शहागंजला गेले. तिथं एका गाड्यावर गुलाबाच्या पाकळ्या, चादरी आणि त्याच्याच बाजूला हिरव्या जुड्या. वास घेतला, हाच.

"चाचा, ये खाने का है क्या?"

चाचा माझ्याकडं बघतच राहिले. "खाने का? बाजी, ये तो दरगे पे चढाते, कबर पे लगाते. खाता कौन इसको?"

"इटली में खाते."

"अच्छा?" त्यांनी एक पान तोडून चावलं, विचार केला. "हौ, बुरा नै है." आणि एक जुडी जास्तीची दिली.

घरी येताना लक्षात आलं की आज आईकडं तिळगूळ घेऊन जायचं कबूल केलं होतं. तनू नवा फ्रॉक घालून, केस विंचरून पायरीवर बसलेली. म्हटलं, रविवारी जाऊ. "चालतं" म्हणाली. फ्रॉक काढून घडी घालून ठेवला.

१९ जानेवारी, रविवार

गावाकडं. शेंद्र्याच्या पुढं उतरलं की कंपन्यांच्या भिंती संपतात आणि आमची माळाची वाट लागते. आई शेरडांमागं होती. या वयातही तिचं चालणं माझ्यापेक्षा जोरात.

तिला सगळं सांगितलं. ती एका करडाच्या पायातला काटा काढत होती.

"त्या म्हातारीला कुणी नाय का?"

"ल्योक हाय."

"मंग?"

"तो कामाला जातो आई. तिथं अशीच रीत आहे. पगारी माणूस ठेवतात."

"आन् तू तिला टमाट्याचं कालवण करून घालनार."

"तेवढंच नाय गं."

"पोरीला सांभाळीन मी. त्याचं काय नाय. पर तिला इचारलंस का?"

"सांगितलंय तिला."

"सांगितलंस. इचारलंस का?"

मला राग आला. काडीमोड झाली तेव्हा तनू दोन वर्षांची होती. तेव्हापासून प्रत्येक गोष्ट तिच्यासाठीच केली. मी कधी सिनेमाला गेले नाही, कुठल्या मैत्रिणीकडं मुक्काम केला नाही. हे आईनं तरी म्हणू नये. बसमध्ये येईपर्यंत मनात भांडत होते.

बसमध्ये तनूनं विचारलं, "तिथं बर्फ पडतो का?" म्हटलं, हो. पाओलोनं कॉलवर खिडकीतून दाखवला होता, अंगणात पांढरंशुभ्र. सांगता सांगता माझाच आवाज चढला. मागच्या सीटवरची बाई बघायला लागली.

२५ जानेवारी

दुसरा सॉस बरा झाला. रंग आला. तात्यासाहेबांना डब्यातून नेला, भातावर घातला. एक बाजू लुळी असल्यानं हळूहळू खातात.

"फोडणी नाही. मसाला नाही," ते म्हणाले. "बिमार माणसाचं जेवण आहे हे."

"तुम्ही बिमारच आहात."

हसले. मग विचारलं, "किती वर्षं?"

"तीन."

"तोवर मी नसेन." असं म्हणाले आणि आणखी मागितला.

लिहायचं नव्हतं पण लिहिते. दर दोन तासांनी त्यांना कूस बदलून द्यायची असते. गुरुवारी मी इटालियन क्रियापदं पाठ करत बसले आणि अकराची वेळ चुकली. एक वाजता बघितलं तर कमरेखाली लाल चट्टा. सहा वर्षांत माझ्या कुठल्या पेशंटला असं झालं नव्हतं. त्यांच्या सूनबाईंना सांगितलं नाही. मलम लावतेय. दुसऱ्याच्या आईला सांभाळायला निघालेली बाई मी.

२८ जानेवारी

सूनबाईंना सांगितलं. त्या रागावल्या, मग म्हणाल्या, बरं झालं सांगितलंस. चट्टा फिका पडलाय. आता मोबाईलवर गजर लावते.

तनूचे बूट फाटलेत, अंगठा बाहेर येतो. म्हटलं, चल घेऊ. "हेच बरेत." शाळेची सहल दौलताबादला चाललीय, तिचं नाव यादीत नव्हतं. मी म्हटलं, का गं? "मला नाय जायचं. किल्ला काय बघायचा." मागच्या वर्षी सहलीसाठी दोन दिवस रडली होती. आता मोठी झाली. दुकानासमोरून जाताना कुरकुरेसुद्धा मागत नाही. शेजारच्या ताई म्हणतात, असली पोर नशिबानं मिळते.

३ फेब्रुवारी

सॉस खारट झाला. तोंडात धरवेना. मी मीठ एकदाच घातलं होतं, तेही मोजून. का डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून दोनदा घातलं? उरलेला फेकला.

शाळेत आज गॅदरिंग होतं. क्लासमधून निघायला उशीर झाला. पोचले तेव्हा तनूचा नाच होऊन गेला होता. ती गालाला लाली लावून गेटपाशी उभी. तिला म्हटलं, परत नाचून दाखव ना घरी. "नको. तो सगळ्यांबरोबरच चांगला दिसतो."

९ फेब्रुवारी, रविवार

परत खारट. आज तर मी मीठ घालताना मोठ्यानं म्हटलं होतं, एक चमचा. घालून झाल्यावर डबा वर फडताळात ठेवला. थोड्या वेळानं बघते तर डबा ओट्यावर. मीच काढला असणार. हल्ली एक वस्तू ठेवते आणि दुसरीकडं शोधते. पहाटे साडेचारला जाग येते, मग झोप नाही, उठून भांडी घासत बसते.

मॅडमना फोन केला. म्हटलं, माझी जीभच गेलीय बहुतेक. त्या म्हणाल्या, टेन्शन घेऊ नकोस.

तनू दोन्ही वेळा समोर बसून तो खारट सॉस पोळीबरोबर खात होती. मी म्हटलं, अगं, नको खाऊस. तर म्हणाली, "मला आवडतो." आणि तांब्याभर पाणी प्यायली.

१३ फेब्रुवारी

तनू शाळेत असताना केला. उत्तम झाला! लसूण नुसती पांढरी राहिली, टोमॅटो आपोआप आळत गेला, मी हात बांधून स्टुलावर बसले होते. वरून सब्जा हातानं तोडून टाकला तर खोलीभर वास. खिडकीशी उभी राहून चमच्यानं नुसताच खाल्ला. असं वाटलं की मी तिथंच आहे, त्या स्वयंपाकघरात, बाहेर बर्फ, आणि मला कुणीच ओळखत नाही. अमक्याची सोडलेली बायको नाही, तमक्याची आई नाही. नुसती एक बाई, सॉस करणारी.

हे मी काय लिहिलं? तनूसाठी चाललेय मी. तिची फी, तिचं पुढचं शिक्षण. दुसरं काही नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

कसं लिहू.

चार वाजता कॉल लागला. मसाल्याच्या डब्याला टेकवून फोन ठेवला, गॅस दिसेल असा. एका चौकोनात मॅडम, दुसऱ्यात सिन्योरा, मागं पाओलो उभा. तनूला कोपऱ्यात पाटावर बसवलं होतं, अजिबात बोलायचं नाही म्हणून.

सगळं नीट चाललं होतं. टोमॅटो सोलले. सिन्योरा चष्मा पुसून पुसून बघत होत्या. लसूण तेलात सोडली तेव्हा "पियानो, पियानो" म्हणाल्या, म्हणजे हळू. मी आच आणखी बारीक केली. त्यांनी मान हलवली. मीठ घातलं. झाकण अर्धं ठेवलं. मग त्या बोलत राहिल्या, मॅडम मला सांगत होत्या. त्यांच्या आईची कढई, लढाईच्या वेळी टोमॅटो कसे वाळवून ठेवायचे, असलं. मला जवळजवळ सगळं कळत होतं. पाऊण तास कसा गेला समजलं नाही.

शेवटी सब्जा धुवायला मी मोरीकडं वळले. पाठ फिरवली तेवढ्यात फोनमधून सिन्योरा ओरडल्या, "ला बिंबा! ला बिंबा!" बिंबा म्हणजे लहान मुलगी, एवढं येत होतं.

वळून बघितलं. तनू ओट्यापाशी, टाचा उंचावून उभी. मिठाचा डबा उघडा. मूठ पातेल्यावर, अजून मीठ गळत होतं.

मी तिला मारलं. गालावर. जोरात. आवाज फोनमध्ये गेला असणार.

तनू रडली नाही. मूठ तशीच गच्च धरून उभी राहिली. मग मॅडम म्हणाल्या, "सुकेशनी, मी नंतर फोन करते," आणि सगळे चौकोन गेले.

सॉस मोरीत ओतला. तनू कॉटखाली जाऊन बसली ती जेवायलाही आली नाही.

१७ फेब्रुवारी

मॅडमचा फोन. सिन्योरांनी नको म्हणून सांगितलं. पाओलो तयार होता, त्याच तयार नाहीत. म्हणाल्या, सॉस चांगला होता हे मला इथून बघूनच कळलं. पण त्या पोरीचं तोंड डोळ्यांसमोर आलं की माझ्या घशाखाली घास उतरणार नाही.

तात्यासाहेबांकडं कामाला गेले. सगळी कामं केली. त्यांचं अंग पुसता पुसता रडायला लागले ते थांबेचना. ते उजव्या हातानं माझा दंड धरून होते. तनूसाठी चालले होते तर एवढं रडायचं कारण काय? तिच्यासाठी इथंही करता येईल. इथंही शाळा आहेत. हेच डोक्यात फिरत होतं आणि रडू वाढतच होतं.

तनूशी अजून धड बोलले नाही. काय बोलू ते सुचत नाही.

१८ फेब्रुवारी

आई आली. शेजारच्या ताईंनी फोन केला होता. दारातच डोक्यावरची पाटी उतरवली, तनूला मांडीवर घेतलं, मग माझ्याकडं बघितलं.

"मारलंस?"

"व्हय."

"का मीठ टाकलं गं बयो?" आईनं तनूला विचारलं. तिनं तोंड पदरात लपवलं. आई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. "सांग आईला. न्हाय मारनार ती."

तनू पदरातूनच बोलली, म्हणून पहिल्यांदा मला नीट ऐकूच आलं नाही. आईनं तिला परत बोलायला लावलं.

"मी काहीच मागत नव्हते. बूट नाय, सहल नाय. तरी पण ती जाणारच होती."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

मी तिला म्हटलं होतं ना, तुला पाहिजे ते आणण्यासाठी जातेय. तर तिनं काही पाहिजे असणंच बंद केलं. दीड महिना. फाटक्या बुटात. आणि मी या वहीत लिहीत होते, आता मोठी झाली.

मी खालीच बसले. म्हटलं, "नाही जात मी. झालं. नाही जात."

"जायाचं हाय का नाय तुला?" आईनं विचारलं.

"तिच्यासाठीच–"

"तिचं नाव घेऊ नगंस. तुला इचारते मी."

आईनं वाट बघितली. आमच्या आईला वाट बघता येते, शेरडांमागं आयुष्य गेलंय तिचं.

"हाय," मी म्हटलं. "लई हाय."

"मंग तसं म्हन. जायाचं तर तुज्या नावावर जा. पोरीच्या डोक्यावर वजं ठेवून कशाला जातीस? एवढुशी मान हाय तिची."

"तुला राग नाय येत?"

"येतो की. मला बी वाटायचं, कुठंतरी निघून जावं. कुनी इचारलं न्हाय, म्या बी सांगितलं न्हाय." एवढं बोलून ती उठली आणि तनूसाठी भाकरी थापायला बसली.

१९ फेब्रुवारी

आज सुट्टी होती. तनूला विचारलं. खरंच विचारलं. मला जावंसं वाटतं, मला तो देश बघायचाय, मला तिथं कामाची भीती वाटते आणि मजाही वाटते, हे सगळं सांगितलं. आणि तुझी आठवण येऊन मी रडेन, हेही.

ती म्हणाली, "तीन वर्षं नाय."

"मग किती?"

बोटं मोजली. "एक."

"एकानंतर?"

"मग मला परत विचारायचं."

मग बूट आणायला गेलो. तिनं लाइट लागणारे निवडले, चालताना चमकतात ते. दुकानातून बाहेर पडल्या पडल्या कुरकुरे मागितले. मोठं पाकीट.

४ मार्च

मॅडमना सांगितलं, एकाच वर्षाचा करार असेल तरच बघा. त्या नाराज झाल्या. असं कुणी घेत नाही म्हणाल्या. दोन घरांनी नकार दिला. चीड येते, परत चालत सुटते. आज क्रांती चौकातून घरापर्यंत चालत आले.

पण पहाटेची जाग आता पाचनंतर येते. तात्यासाहेबांचा चट्टा गेला.

२१ मार्च

एलेना नावाच्या बाईंनी विचारलंय. त्यांचे वडील अंथरुणाला खिळून आहेत, एका वर्षासाठीच माणूस पाहिजे. रविवारी कॉल. मॅडमनी सगळे प्रश्न आणि उत्तरं लिहून दिलीत. का यायचंय या प्रश्नाला उत्तर, पेर मिया फिल्या. माझ्या मुलीसाठी. मॅडम म्हणाल्या, हे उत्तर सगळ्यांना आवडतं.

२३ मार्च, रविवार

झालं. घेतलं मला.

तनू या वेळी माझ्या शेजारी खुर्चीवर बसली होती. एलेनांनी तिला "चाव" म्हटलं, म्हणजे नमस्कार, तिनंही "चाव" म्हटलं. वडिलांचा पलंग दाखवला. मी विचारलं, दिवसातून किती वेळा वळवता? त्यांना ते आवडलं. सॉसचं कुणी विचारलं नाही, मीच सांगितलं की येतो. त्या म्हणाल्या, बाबांना तेवढंच गिळता येतं, पातळ करून.

मग तो प्रश्न आला. का यायचंय?

मॅडम चौकोनातून माझ्याकडं बघत होत्या. कागद समोरच होता. मी म्हटलं, "पेर मे."

मॅडमनी डोळे मिटले. एलेना म्हणाल्या, मी बाबांसाठी नोकरी सोडली असं सगळ्यांना सांगते, पण तेही अर्धंच खरं आहे. आणि तारखांचं बोलायला लागल्या. जूनमध्ये जायचं, कागद नीट झाले तर.

फोन ठेवल्यावर तनूनं विचारलं, "पेर मे म्हणजे काय?"

"माझ्यासाठी."

ती पाय हलवत विचार करत बसली. "आणि मला म्हणायचं असेल, माझ्यासाठी, तर?"

"तेही पेर मे. जो म्हणेल त्याचं."

"मग पेर मे," ती म्हणाली, "दर रविवारी फोन करायचा. मी आजीच्या गावी कुठंही असले तरी."

मी म्हटलं, सी.